धुक्यातली दुसरी सावली

खोटं वाटलं तर वाटू दे. पण संजना माझी मावसबहीण आहे, आणि उगाच काहीबाही सांगणाऱ्यांतली ती नाही.

गेल्या पौषातली गोष्ट. तिचं सासर कर्जतजवळ, नदीकाठच्या गावात. नवरा रसायनीला रात्रपाळीला गेलेला. उजाडता उजाडता सासूला, विमलबाईंना, जोराचा दम लागला. ओठ निळे पडले. धाकट्या दिराने, जितेशने, घाईघाईने गाडी काढली. विमलबाईंना मागच्या सीटवर मधोमध उशीला टेकवून बसवलं. रस्ता बघायला संजना पुढे बसली.

दहिवलीच्या अलीकडे गाडी धुक्यात शिरली आणि रस्ताच गायब झाला.

जितेशने हेडलाइटचा अप्पर मारला.

समोर पांढरी भिंत. धुक्याच्या थेंबाथेंबावर आपटून सगळा उजेड परत डोळ्यांतच येत होता. त्याने दिव्यांचा झोत खाली, डिपरवर घेतला. तेव्हा कुठे बॉनेटपुढचं हातभर डांबर दिसलं.

डाव्या हाताला नदी.

"वहिनी, एक चाक खाली गेलं ना, तर संपलो आपण."

मागे विमलबाईंची घरघर वाढत होती...

"मी उतरते. कड बघत पुढं चालते. तुमी हळूहळू माझ्यामागं या, भावोजी."

ती बॉनेटपुढे चालू लागली. पाठीमागून दिव्यांचा उजेड. समोरच्या धुक्यावर तिची सावली उभी राहिली... झाडाएवढी.

एक नाही. दोन.

ती जागीच थबकली. मग तिचं तिलाच हसू आलं. दिवे दोन, म्हणून सावल्या दोन.

थोडं पुढे कड खचलेली होती. गाडी थांबवायला तिने हात वर केला.

एका सावलीने हात वर केला.

दुसरी... खाली बसलेली होती. गुडघ्यांना मिठी मारून.

संजनाने हात खाली घेतला.

आणि ती बसलेली सावली... उठली.

संजना उलट्या पावलांनी गाडीकडे सरकू लागली. दिव्यांच्या जवळ येईल तशी तिची सावली मोठी होत गेली.

दुसरीही मोठी होत होती.

म्हणजे तीसुद्धा दिव्यांजवळ येत होती. म्हणजे जे काही होतं, ते समोर धुक्यात नव्हतंच... इथेच होतं. तिच्या शेजारी.

शेजारी कुणीच नव्हतं.

ती धडपडत गाडीत शिरली. दार ओढलं.

"उजवीकडून काढा. चला!"

"अगं वहिनी, पण झालं काय?"

"चला म्हणते ना!"

जितेशने गिअर टाकला. तेवढ्यात मागे कपड्यांची सळसळ झाली. ज्या विमलबाईंना बोटही हलवता येत नव्हतं, त्या सरकून खिडकीला टेकलेल्या आरशाच्या कोपऱ्यात दिसल्या.

"बस गं," त्या हळूच म्हणाल्या. "जागा हाय."

दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

पुलापाशी धुकं विरळ झालं. दवाखाना गाठला, ऑक्सिजन लागला. विमलबाई वाचल्या. त्यांना त्या सकाळचं काहीच आठवत नाही.

जितेश अजून म्हणतो, "दोन दिवे, दोन सावल्या. त्यात काय एवढं?"

"मग एक बसलेली का होती?" संजना विचारते.

यावर तो गाडीची किल्ली उचलून बाहेर पडतो.

गाडी तीच आहे. जितेश रोज चालवतो. संजना मात्र तिच्यात पाय ठेवत नाही.

मला ती एकदाच म्हणाली, "ती आमच्या गाडीत बसली, हे खरं. पण उतरली कुठं... ते कुणीच बघितलं नाही गं."