कमानीच्या अलीकडे

आई गेली त्याच वर्षी बाबांनी मनावर घेतलं: लग्नानंतर तिचा फोटो जिथे काढला होता, त्या दगडी कमानीखाली एकदा तिच्या जागी जाऊन उभं राहायचं. कमान राष्ट्रीय उद्यानाच्या पार टोकाला. बाबांची सत्तरी उलटलेली, एक गुडघा कायम कुरकुरणारा. पण हट्ट म्हणजे हट्ट! शेवटी ताई आणि मी त्यांच्याबरोबर निघालो.

आमचा फोटो स्टुडिओ. तो फोटो काउंटरमागे टांगलेला बघतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे नकाशापेक्षा भरवसा त्याच्यावर. फोटोत एका सुळक्याच्या डाव्या हाताला कमान होती. म्हणून सुळका दिसताच आम्ही डावीकडची घळ धरली. दोन्ही बाजूंना वाऱ्याने कोरलेले तांबडे खडक होते, घडी घालून रचलेल्या चादरींसारखे. बाबा मधेच थांबून हसत. "इथे तुझ्या आईची चप्पल तुटली होती बहुतेक," असं तीन वेगवेगळ्या ठिकाणी म्हणाले.

घळ अरुंद होत गेली आणि एका उभ्या कड्यापाशी संपली. कमानीचा पत्ता नाही. बाटल्यांतलं पाणी तळाला गेलेलं. ताईने पिशवीतून फोटो काढून बाबांपुढे धरला. "नीट बघा. हीच घळ ना?"

बाबा बराच वेळ बघत राहिले. "हिचा तीळ बघ."

"उजव्या गालावर आहे. मग?"

"डाव्या गालावर होता तिच्या."

आम्ही दोघांनी जन्मभर तो चेहरा रोज पाहिला होता, आणि तो फोटोही!

"निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय मी," बाबा म्हणाले. "आधी सरळ छापला, तर म्हणे ही कोण भलतीच बाई? आरशात दिसते तशीच हवी होती तिला."

"म्हणजे कमान सुळक्याच्या उजवीकडे! आणि हे आत्ता आठवतंय तुम्हाला?"

"तिला आवडला, विषय संपला. पुन्हा कशाला आठवायचं?"

उन्हातान्हात मागे फिरलो. उजव्या घळीतले दगड सुटे होते. तिघांनी बरोबर आणलेला दोर कमरेला बांधला. ताई पुढे, मी मागे. शेवटच्या चढावर बाबांचा पाय सटकला. दगड गडगडले. मी त्यांचा दंड पकडला. माझाही पाय सुटला! ताईने खडकाला पाय रोवून दोर ताणला. क्षणभर बाबा आणि मी तिच्या जोरावर लोंबकळलो. मग बाबांच्या हाताला कपार लागली, आणि दोर सैल झाला.

वर पोचलो तर समोरच कमान. उतरत्या उन्हात पेटल्यासारखी तांबडी. पण तिकडे नेणारी दगडाची वाट ढासळून जेमतेम वीतभर उरली होती, आणि खाली दरी.

"बाबा, नाही जमायचं," ताई हलकेच म्हणाली.

बाबांनी एक डोळा मिटला. दोन पावलं मागे गेले, थोडे बाजूला सरकले.

"मी इथेच होतो," ते म्हणाले. "पलीकडे ती एकटीच गेली होती. मी फोटो काढत होतो ना."

पुढे जायचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. रिकाम्या कमानीकडे बघत, गिऱ्हाइकांना सांगायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "हनुवटी जरा वर घे."