सात मिनिटांचा बोर्ड

पीच सोलायची बारीक सुरी.

हायवेकडेला उंच खांबावरचा बोर्ड. निळ्या रंगावर इस्पितळाचं नाव, खाली लाल दिव्यांत : इमर्जन्सीत थांबण्याची वेळ — ७ मिनिटं.

चर्चच्या पायरीवर पांढऱ्या झग्यातली मुलगी. कानाला फोन, फोनवर नवरदेव : "दहा मिनिटांत पोचतो."

ती मुलगी रेलीन. नवरदेव आलाच नाही, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिचा एकच हट्ट — कुठल्याही पुरुषासाठी थांबायचं नाही. अलाबामातल्या त्या जुलैच्या सकाळी, तिच्या पीचच्या टपरीवर, सुरी सटकून तळहातात घुसली. मागच्याच रस्त्यावर एक छोटं इस्पितळ होतं, पण त्याचा कुठे बोर्ड नव्हता. हाताला टॉवेल गुंडाळून रेलीन हायवेला लागली, सात मिनिटांच्या भरवशावर.

दीड तास झाला तरी ती प्लास्टिकच्या खुर्चीतच होती.

"सात मिनिटं म्हणे," ती पुटपुटली. "कुठल्या गाढवाने टाकलाय तो आकडा?"

शेजारचा तरुण खाकरला. उन्हाने रापलेला चेहरा, अंगठ्याला रक्ताळलेला रुमाल, डोळे… डोळे मात्र हसरे.

"मी, मॅडम."

"काय तुम्ही?"

"गाढव. बोर्डाचे दिवे मीच दुरुस्त करतो. चाचणीसाठी सात टाकला, तेवढ्यात पत्रा लागला. धावत इकडे आलो, आणि सात… तसाच राहिला."

रेलीन त्याच्याकडे बघतच राहिली. रागवावं, असं तिने ठरवलंही होतं.

"मग ऑफिसला कळवा की."

"कळवलं. ते म्हणाले, जेवण झाल्यावर माणूस पाठवतो."

तेवढ्यात दार उघडलं. पाय मुरगळलेले एक आजोबा लंगडत आत आले, गच्च भरलेल्या खुर्च्या बघून थबकले. "बाहेर तर सात मिनिटं लिहिलंय," ते म्हणाले.

रेलीनने ओठ घट्ट दाबले. त्याने छताकडे बघितलं. मग दोघंही एकदम हसत सुटले — टॉवेल आणि रुमाल तोंडावर धरून.

"उठा, त्यांना जागा द्या," ती म्हणाली. "तुमचेच पाहुणे आहेत."

तो मुकाट्याने उठला. नंतर आलेल्या प्रत्येकासाठी ती नुसती भुवई उंचावायची, आणि तो भिंतीला टेकून कान पकडायचा.

"हॉलिस ओडम," नर्सने हाक मारली.

तो दोन पावलं गेला, थांबला. "पुन्हा कधी… म्हणजे, भेट…"

"मी कोणासाठी थांबत नसते," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण म्हणाली.

"बरं, मॅडम."

दार मिटलं. खोली गच्च भरलेली, तरी केवढी रिकामी. आपण डॉक्टरसाठी थांबलोय, तिने स्वतःला बजावलं. फक्त डॉक्टरसाठी. आणि तरी नजर पुन्हा पुन्हा त्या दाराकडे… तो बाहेर आला असता, तर दिसला असता. पण त्याआधीच तिचं नाव पुकारलं गेलं.

टाके पडले, पट्टी झाली. गेला असेल एव्हाना, असं मनाशी घोकत ती बाहेर आली.

तिच्याच खुर्चीत हॉलिस बसला होता. अंगठ्याला पांढरंशुभ्र बँडेज, मांडीवर शेंगदाण्यांचं न फोडलेलं पाकीट.

"तुझं झालं नाही अजून?" एकेरीवर आपण कधी आलो, हे तिलाही कळलं नाही.

"केव्हाच झालं."

"मग बसलास कशाला?"

"तू थांबत नाहीस ना…" तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, मग आपण थांबावं."

  रेलीनने शेजारी बसून आपला चांगला हात पुढे केला. त्याने पाकीट धरलं, तिने फाडलं. अर्धे दाणे जमिनीवर सांडले.

"टपरीवर पीच पडलेत," ती म्हणाली. "एका हाताने सोलता येणार नाहीत."

"माझाही एकच चालतोय."

"म्हणूनच म्हणतेय."

तो उठून उभा राहिला. "पोचतो सात—"

"आकडा नको," तिने त्याची बाही धरली. "माझ्याबरोबरच चल."

मागच्या रस्त्यावरच्या छोट्या इस्पितळात त्या सकाळी एकही पेशंट नव्हता.