रक्तातली नक्कल

२०५८ साली किनवट तालुक्यात वंशवाचक, म्हणजे विषाणूचा माग काढणारं यंत्र, आलं, तेव्हा लोक त्याला आजारापेक्षा जास्त घाबरले. हेपॅटायटिस बीसारखा विषाणू तीसतीस वर्षं यकृतात गुपचूप राहतो आणि पुढे कॅन्सर घडवू शकतो, हे तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. भीती वेगळीच होती: आजार कोणी कोणाला दिला, हे उघड होण्याची.

यंत्र बसवणाऱ्या डॉ. मृणाल टिळेकरांनी त्याचं काम आरोग्यसेविका शेवंता आत्रामला समजावलं. विषाणू शरीरात स्वतःच्या नकला काढतो आणि प्रत्येक नकलेत चुका राहतात. त्या चुका जुळवून, तो कोणाच्या शरीरातून कोणाकडे गेला हे यंत्र सांगतं. नाव मात्र त्या व्यक्तीच्या संमतीनंच उघड होतं. तरीही महिनाभरात जेमतेम अकरा जण तपासणीला आले.

बारावा शेवंताचा मुलगा सोनेराव. त्याच्या यकृतात छोटी गाठ निघाली. वेळेत सापडल्यानं ती काढता येणार होती. त्याचा विषाणू शेवंताच्या रक्तातल्या विषाणूशी जुळला; तो जन्माच्या वेळी आईकडून आला होता. बाळंतपण घरीच झालं, पहिल्या दिवसाची लस राहून गेली होती.

"तुम्ही नाही म्हणालात तर नाव बंदच राहील," डॉक्टर शेवंताला म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शेवंता ग्रामसभेत उभी राहिली.

"माझ्या लेकाचा कॅन्सर माझ्याकडून आला. मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे."

त्या आठवड्यात दोनशे माणसं आली. आपल्याला बावीस वर्षं गावोगाव फिरून जे साधलं नव्हतं, ते या तीन वाक्यांनी साधल्याचं टिळेकरांनी नंतर अनेकांना सांगितलं.

त्या दोनशेंत शेवंताची आई जैतुबाईही होती. तिच्याही रक्तात तोच विषाणू निघाला. आपला आजार कोणाला लागला का, असं तिनं विचारलं. सभेत न अडखळलेली शेवंता इथे थांबली.

"मला लागला, माय. माझ्याकडून सोनेरावला."



सोनेरावची शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण जैतुबाईनं त्याच्या लहानग्या लेकीला, आपल्या पणतीला, उचलणं सोडलं. स्पर्शानं हा आजार लागत नाही, पोरीला लसही दिली आहे, हे शेवंतानं कितीदा तरी सांगितलं. शेवटी सोनेरावनं स्वतःच लेकीला जैतुबाईच्या मांडीवर ठेवलं. पोर हसली, तिचा पदर ओढू लागली.

जैतुबाई तिच्याकडे डोळे भरून बघत राहिली. हात मात्र तिनं दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवून ठेवले होते.