बावीस थरांची वाट

शीतकक्षातले तापमान शून्याखाली अठरा अंश होते. टेबलावरच्या काचेच्या पेटीत पाण्याइतका स्वच्छ द्रव होता. डॉ. मालविका दाबके हिने हातमोजा काढला आणि पेटीच्या कोपऱ्यातली पितळी कळ दाबली.

कळीपाशी एक पांढरा ठिपका उमटला. तो कापसाच्या बोंडासारखा फुटला, पसरला आणि बघता बघता सगळी पेटी खडूसारखी पांढरी झाली.

"आता हात लावा, सर."

डॉ. यशोधन पारसनीस यांनी पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "चांगलीच भाजते की!"

"गोठल्यामुळेच तापली."

"मला ठाऊक आहे गं. पण उद्या तुला नगरपालिकेच्या समितीपुढे बोलायचंय. समज, मी नगरसेवक आहे आणि मला फक्त जेवणाची वेळ कळते. सांग."

मालविका हसली. पारसनीस उष्मा विभागाचे प्रमुख होते. सांगली सोडून कॅनडात येऊन त्यांना तीस वर्षे झाली होती, पण समजावून सांगायला लावायची सवय सांगलीच्या कॉलेजातलीच होती.

"हा एक क्षार आहे. उन्हाळ्यात काळी फरशी उन्हात तापते, तिच्याखाली हा क्षार वितळतो आणि वितळताना खूप उष्णता पोटात घेतो. हा झाला अप्रकट उष्मा. थंडी पडली की तो पुन्हा गोठायला हवा. पण गोठायला सुरुवात करून देणारा पहिला स्फटिक त्याला मिळत नाही, म्हणून तो शून्याखाली चाळीसपर्यंतही द्रवच राहतो. आपण याला अतिशीतित द्रव म्हणतो. उन्हाळ्याची उष्णता तशीच आत असते. कळ दाबली की एक स्फटिक आत जातो, सगळा द्रव एकदम गोठतो आणि घेतलेली उष्णता परत देतो. वरचं बर्फ वितळतं. वीज नको, मीठ नको."

मिठावर तीन वर्षांपूर्वी बंदी आली होती. रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने तळ्यांतले पाणी खारट झाले होते. विजेला हिवाळ्यात मर्यादा होती. तिच्यात घर जेमतेम उबदार राहत असे, अंगण नव्हे.

"आणि पुन्हा उष्णता हवी असेल तर?"

"पुन्हा उन्हाळा यावा लागतो."

"म्हणजे एका हिवाळ्यात एकदाच?"

"एका थरातून एकदाच. म्हणून एकाखाली एक बावीस थर ठेवलेत. फाटकाची कडी काढली किंवा घराचं पुढचं दार उघडलं की एक थर पेटतो. दहा मिनिटं थांबायचं, मग कोरड्या वाटेवरून चालायचं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी हिवाळ्यात साधारण तितक्याच वेळा वाट वापरावी लागते. पाहणी केलीय आम्ही."

पारसनीस पेटीकडे बघत राहिले. "आठवडाभराचं बर्फ साचलं असेल, तर एका थराने ते अर्धवट वितळेल. ते पाणी पुन्हा गोठेल आणि त्याची काच होईल. नुसत्या बर्फापेक्षा ते वाईट."

मालविकाचे हात थांबले. चार वर्षांपूर्वी तिचे वडील घरासमोर मोटारीच्या वाटेवर अशाच काचेवरून घसरले होते. खुब्याचे हाड मोडले, मग न्यूमोनिया झाला. बर्फ उतरायच्या आत ते गेले.

"मग कडीला भारमापक जोडू," ती म्हणाली. "जितकं बर्फ, तितके थर. पाऊल पडायच्या आधी वाट पूर्ण मोकळी झाली पाहिजे. अर्धवट नाही."

"शाब्बास. आणि फरशीच्या कडेला एक काचेची पट्टी ठेव. स्वच्छ थर म्हणजे शिल्लक, पांढरा म्हणजे खर्च. लोकांना आपलं किती उरलंय ते दिसलं पाहिजे." मग ते मिस्किलपणे म्हणाले, "आणि शेजाऱ्याचंही."

थरांच्या या फरशीला उष्मवाट हे नाव मिळाले आणि ती सगळ्यांत आधी एल्मग्रोवमध्ये बसली. एल्मग्रोव हे सपाट मैदानातले एक छोटे गाव. तिथे मालविकाची आई कुमुदिनीबाई एकटी राहत होती. प्रयोगशाळेपासून ते मोटारीने चार तासांवर होते.

फरश्या बसवायला मालविका स्वतः गेली होती. काम चालले असताना आई खिडकीतून बघत होती. संध्याकाळी तिने चहा केला. काचेच्या कपाटातल्या निळ्या फुलांच्या कपबशा काढून तिने कामगारांना चहा दिला. स्वतः मात्र कान तुटलेल्या मगातून प्यायली.

"आई, चाळीस वर्षं झाली त्या कपांना. तूही पी ना त्यांतून कधी."

"फुटला एखादा तर? सहाचे पाच झाले की पाहुण्यांपुढे ठेवता येत नाहीत."

"पाहुणे येतात कुठे इथे?"

"तू येतेस की," आई म्हणाली.

पहिल्या हिवाळ्यात गाव खूश होते. कोणी घसरले नाही. मुलांनी फावडी गॅरेजमध्ये टाकली. एरवीही फावड्याचा ठोका बसला की थर उगाच पेटत असे, त्यामुळे फावडी वापरू नयेत अशी सूचनाच होती. बर्फ पडल्यावर सकाळी सकाळी गल्लीभर जी खरवड ऐकू यायची, ती बंद झाली.

दुसऱ्या हिवाळ्यात लोकांना एक गोष्ट कळली. पाहुणा आला की यजमानाचा थर खर्च होतो. कोणी तसे बोलून दाखवले नाही. पण येण्याआधी फोन करणे सुरू झाले, मग येण्याऐवजी फोन करणे सुरू झाले. टपाल फाटकावरच्या पेटीत राहू लागले. कडीला हात न लावता फाटकाशीच उभे राहून हाक मारणे ही सभ्यता झाली. संक्रांतीला मराठी बायका घरोघरी हळदीकुंकवाला जात. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून एकच हळदीकुंकू मंडळाच्या सभागृहात केले.

"छान झालं," आई फोनवर म्हणाली. "पंचवीस जणी होत्या. तिळगूळ मात्र विकतचा. समोरची शरयू म्हणाली, कुमुदताई, तुमच्या हातचा असता तर दात तरी शाबूत राहिले असते."

"मग पुढच्या वर्षी घरी बोलव सगळ्यांना."

"बोलवीन. पण उगाच वाट कशाला संपवायची गं त्यांच्यासाठी? त्या काय, समोरच राहतात."

तिसऱ्या हिवाळ्यात मालविकाकडे विमानतळाच्या धावपट्टीचे काम आले. दिवाळीला येते असे तिने सांगितले होते, पण दिवाळीत चाचण्या निघाल्या. नाताळात येते म्हणाली, तेव्हा वादळाने हमरस्ता बंद पडला. दर रविवारी फोन होत होता. जानेवारीतल्या एका रविवारी आईने मध्येच विचारले, "मालू, ही तुझी वाट, खूप बर्फ साचलं तरी चालेल का गं? म्हणजे अगदी कमरेएवढं?"

मालविकाच्या समोर धावपट्टीचे आलेख उघडे होते. "हो, चालेल ना. भार मोजून पेटते ती. बावीस थर आहेत. हिवाळ्याचं सगळं बर्फ एकदम वितळवेल."

"एकदम? मग बरं झालं."

आईने असे का विचारले, हे मालविकाने विचारले नाही. संक्रांत झाली की नक्की येते, एवढे सांगून तिने फोन ठेवला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन कोणी उचलला नाही. मंडळात काही कार्यक्रम असेल, असे तिला वाटले. सोमवारी सकाळी शरयूकाकूंचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हते.

मालविकाबरोबर पारसनीसही निघाले. "तू गाडी चालवायची नाहीस," एवढेच ते म्हणाले. अर्ध्या वाटेवर मालविका बोलू लागली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"कडी अडकली असणार. उणे पस्तीसच्या खाली गेलं होतं मागच्या आठवड्यात. स्फटिक सुटला नसेल. किंवा भारमापक चुकला, थर कमी पेटले, अर्धवट वितळलं आणि पुन्हा गोठलं. तुम्ही म्हणाला होतात, काच होते."

"मालविका, आधी पोचू."

"मी चूक केलीय सर, आणि कुठे केलीय ते मला बघायचंय."

घरापाशी पोचले तेव्हा फाटकाच्या आत बर्फ कमरेएवढे होते. त्यावर एकही पाऊल नव्हते. एखाद्या पक्ष्याचेही नाही. फाटकाबाहेर शरयूकाकू उभ्या होत्या, डोक्याला शाल गुंडाळून.

"आई कुठे पडली, काकू?" मालविका म्हणाली. "इथे तर कोणी चाललेलंच नाही."

"मागे गं. मागच्या दाराच्या पायऱ्यांवर. कचऱ्याची पिशवी हातात होती. मागच्या गल्लीत डबे असतात ना, तिकडे निघाल्या होत्या."

मागच्या दाराला उष्मवाट नव्हती. पुढचे दार वापरले जाईल, हे गृहीत धरले होते. पाहणीत मागच्या दाराचा प्रश्नच नव्हता.

"पण मागून कशाला? पुढचं दार उघडलं असतं तर दहा मिनिटांत..."

शरयूकाकूंनी शाल घट्ट ओढली. मग म्हणाल्या, "त्या मागूनच जायच्या. पूर्ण हिवाळाभर. मी रागावले होते एकदा. म्हटलं, कुमुदताई, लेकीने एवढी सोय केलीय आणि तुम्ही मागच्या बर्फातनं काय चालता बकरीसारख्या? तर हसल्या. मला काय, मी टेकत टेकत जाते, म्हणाल्या. मालू येईल, तिला सवय नाही आता बर्फाची."

मालविकाने फाटकाच्या आत पाहिले.

"शनिवारी मी आले होते फाटकाशी," काकू पुढे म्हणाल्या. "हाक मारली. ओ आली नाही. वाटलं, झोपल्या असतील. कडीवर हात गेला होता गं माझा. पण म्हटलं, लेकीसाठी ठेवलीय वाट, आपण कशी उघडायची? रविवारी पुन्हा आले, तेव्हाही नाही उघडली. आज सकाळी मागच्या गल्लीत कचरा टाकायला गेले, तेव्हा दिसल्या." त्यांनी शालीचे टोक तोंडावर धरले. "डॉक्टर म्हणाले, शनिवारी सकाळी पडल्या. लगेच गेल्या नाहीत."

पूर्वी बर्फ पडल्यावर कोणी ना कोणी फावडे घेऊन त्या अंगणात येत असे. कधी शरयूकाकूंचे यजमान, कधी कोपऱ्यावरचा मुलगा. मालविकाच्या मनात ते आत्ता प्रथमच आले.

ती गुडघ्यांवर बसली. फाटकाशेजारी फरशीच्या कडेला ती काचेची पट्टी होती. तिच्यावरचे बर्फ तिने हातमोज्याने पुसले आणि खिशातली विजेरी लावली. पारसनीस तिच्यामागे वाकले.

वरचा थर स्वच्छ होता. त्याखालचाही. प्रकाश खाली खाली उतरत गेला आणि कुठेच अडला नाही. तळाचा धातूचा पत्रा दिसेपर्यंत सगळे काही पाण्यासारखे पारदर्शक होते.

"बिघाड नाही," पारसनीस हळू आवाजात म्हणाले.

"नाही. मापक चालू आहे. कडी मोकळी आहे." ती उठली नाही. "सर, थर स्वच्छ राहिला तर त्याचा अर्थ एकच होतो. कोणी आलं नाही."

मागच्या बाजूने जाता आले असते. रुग्णवाहिकेतून आलेल्या माणसांनी आईला तिकडूनच नेले होते. पण मालविका उभी राहिली आणि तिने फाटकाची कडी काढली.

आधी काहीच झाले नाही. मग बर्फाच्या आतून बारीक कडकड ऐकू आली, एकामागून एक, जमिनीत खोल जात. मापकाने भार मोजला होता. बर्फ हिवाळाभराचे होते, म्हणून थरही हिवाळाभराचे लागले. बर्फाचा पृष्ठभाग मधोमध खचला. त्यातून वाफ निघू लागली. दोन्ही कडांनी पाणी वाहू लागले. शेजारपाजारची माणसे आवाज ऐकून आपापल्या खिडक्यांत आली. मागच्या उन्हाळ्याचे सगळे ऊन त्या अंगणातून वर येत होते.

या खेपेला दहा मिनिटे पुरली नाहीत. मालविका फाटकाशी थांबून राहिली. काळी फरशी दिसू लागली, तशी ती निघाली. बुटांच्या तळव्यांतून ऊब लागत होती. बर्फाचा एक कणही पायाखाली आला नाही.

पुढचे दार आतून बंद होते. शरयूकाकूंनी मागून जाऊन ते उघडले. दाराच्या बिजागऱ्या हिवाळाभर न हलल्यामुळे आखडल्या होत्या. आत उंबऱ्याशी नवे पायपुसणे अंथरलेले होते. त्याच्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. टेबलावर निळ्या फुलांच्या दोन कपबशा धुऊन, पुसून, पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. तुटक्या कानाचा मग बेसिनमध्ये होता.

मालविका त्या टेबलाशी बसली.

"मी भार मोजला," ती शेवटी म्हणाली. "तापमान मोजलं. माणसं हिवाळ्यात किती वेळा बाहेर पडतात ते मोजलं. आईला चांगली वस्तू दिली की ती काय करते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, सर. ते मी कुठेच धरलं नाही."

पारसनीसांनी तो तुटका मग उचलला, विसळला आणि ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी पुन्हा बर्फ पडू लागले. आधी भुरभुर, मग दाट. समोरच्या घरांतून माणसे यायला निघाली. फाटकाशी येऊन ती सवयीने थांबली, तेव्हा मालविका दारातून म्हणाली, "या. आता काही शिल्लक नाही तिच्यात." फरशीच्या कडेची पट्टी तळापर्यंत पांढरी झाली होती. ती तशीच राहणार होती, उन्हाळ्यापर्यंत.

शरयूकाकूंचे यजमान गॅरेजमधून फावडे घेऊन आले. तीन वर्षे न वापरल्याने पात्यावर गंज चढला होता. ते बर्फ उपसायला वाकले, तेव्हा मालविका पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेली आणि तिने ते त्यांच्या हातातून घेतले.

"अगं, राहू दे. मी करतो ही वाट."

"ही तुम्ही करा, काका. दुसरं फावडं असेल ना कोणाकडे?" ती म्हणाली, आणि घराला वळसा घालून मागच्या दाराकडे गेली. तिथल्या पायऱ्यांवर अजून ती जुनी काच होती. तिने फावडे टेकवले आणि खरवडायला सुरुवात केली.