बुधरीची ओंजळ

खोटं वाटत असेल तर वाचू नका. पण हे माझ्यासोबत घडलं आहे. यंदा एप्रिलमध्ये, धानोऱ्याकडच्या आमच्या गावात, पहाटे मोहाची फुलं वेचताना.

मी नूतन. नागभीडकडच्या शेतकऱ्याची पोर. लग्न होऊन इथं आले आणि बुधरी भेटली. ती गोंड. सासू म्हणायची, "त्यायच्या घरी काऊन जातं तू?"

मी जायचेच. दहा वर्षं तिच्या झाडाखाली आम्ही एकाच टोपलीत मोह वेचला.

मग उपकेंद्रात रीता नर्स आली. बुधरी तिलाही झाडाखाली नेऊ लागली. माझा नुसता जळफळाट. मी बोलणंच टाकलं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बुधरी तापानं गेली. मी भेटायलाही गेले नाही.

यंदा तिच्या नवऱ्यानं, दसरूनं, झाडाखाली तिच्या नावाचा दगड मांडला. मला आणि रीताला, दोघींनाही बोलावलं.

"पहिली ओंजळ बुधरीची," तो म्हणाला. "पन एकीनंच ठेवा. जिच्या हातचं घेते, तिच्याच घरी येते ती."

ओंजळ रीतानं ठेवली.

त्या दिवसापासून रीता वेचायला बसली की तिच्यापुढं टप... टप... फुलं पडायची.

माझ्यापुढं... एकही नाही.

भीती कसली, मला राग आला. मेल्यावरही हिच्याकडेच?

सातव्या पहाटे रीता यायच्या आत मी तिची ओंजळ दगडावरून झटकली. माझी ठेवली.

"माझ्याकडे ये," म्हटलं. "फक्त माझ्याकडे."

टपटप थांबली.

मागे... बुधरीच्या गिलटाच्या बांगड्या वाजल्या.

दुसऱ्या सकाळी माझ्या दारात टोपली होती. मोहानं भरलेली. मी आनंदानं रडले.

दसरूला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "'फक्त' म्हनलं काय तुमी, बाई?"



दोन दिवसांनी रीता घरी आली. उंबऱ्यातच गुदमरली. "कोनीतरी मान धरली माही," म्हणाली. तिनं बदली करून घेतली. मग शेजारची पुनम आली. तिचंही तेच झालं. आता माझ्याकडे कोणी येत नाही.

मोह संपून चार महिने झाले. टोपली रोज येते. फुलं ताजी असतात.

माझी सहा वर्षांची पोर माझ्या कुशीत झोपते. काल पहाटे जाग आली. दार उघडून पाहिलं. टोपली नव्हती. हायसं वाटलं.

परत वळले...

टोपली अंथरुणावर होती. माझ्या जागेच्या आणि पोरीच्या मधोमध.

आज पोरीला सासूजवळ झोपवलं आहे. सारखी विचारते, "आई, काऊन?"

काय सांगू तिला.