घोडेस्वारामागचा चेहरा

"फुंकू नका—"

मी ओरडले तेव्हा त्याचे गाल फुगलेले होते. तसाच तो माझ्याकडे वळला, आणि सगळी हवा माझ्या तोंडावर सोडली. आमची ओळख ही अशी झाली.

"धूळ होती," तो म्हणाला.

"धुळीला ब्रश असतो. फुंकरीबरोबर थुंकी उडते. नाण्यावर तिचा डाग जन्मभर राहतो."

"आणि माणसावर?"

"माणूस तोंड धुतो," मी ओढणीने गाल पुसत म्हटलं.

मामांचा जुन्या नाण्यांच्या लिलावाचा धंदा. लिलावाआधी नाण्यांच्या फोटोंचं पुस्तक छापतात, त्यातली वर्णनं मी लिहिते. नेहमीच्या फोटोग्राफरने हात मोडून घेतला, म्हणून त्या फोटोग्राफरचा हा पुतण्या एका दिवसासाठी आला होता. मामा मला चिमटी म्हणतात. मी नाणं चिमटीत धरते म्हणून, असं मी सांगते. स्तुतीसुद्धा चिमटीनेच वाटते म्हणून, असं ते सांगतात. पण वर्णनात एक शब्द जास्त पडला, की गिऱ्हाईक भांडायला येतं. कमी पडला तर कुणी येत नाही. हा हिशेब मला लवकर कळला, आणि मी तो नाण्यांपुरता ठेवला नाही.

"दिव्याखाली तिरकं करून फिरवा," मी त्याला एक नाणं दिलं. "प्रकाशाच्या आऱ्या चाकासारख्या फिरतायत? ती टाकसाळीतली जन्मजात चमक. आता हे दुसरं."

"हे तर जास्त चमकतंय."

"चमकतंय, पण प्रकाश एका जागी ठाण मांडून बसलाय. कुणीतरी पॉलिश मारलंय. पहिल्या भेटीतच फार चमकतात ते बहुधा घासलेले असतात."

त्याने आपल्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "हे नाण्याबद्दल ना?"

"नाण्याबद्दलच."

"मग मला तिरकं करून बघायला हरकत नाही."

मी ब्रश शोधायला लागले. ब्रश माझ्या हातातच होता...

मुखपृष्ठाचा मान चांदीच्या घोडेस्वाराला होता. घोडा आणि स्वार धुकट पांढरे, श्वास टाकलेल्या काचेसारखे. भोवतीचं मोकळं मैदान मात्र काळंभोर, खोल, विहिरीत डोकावावं तसं. अशा नाण्याची परीक्षा सोपी. छापील कार्ड नाण्याच्या कडेशी उभं धरायचं, आणि नाण्यात त्याची अक्षरं बघत हळूहळू मागे न्यायचं. चार बोटांपर्यंत वाचता आली तर 'आरशासारखं'. वीतभर मागे जाऊनही वाचता आली तर 'आरसा'. या दोहोंतल्या फरकापायी संग्राहक सख्ख्या भावांशी बोलणं टाकतात.

मी कार्ड मागे नेऊ लागले. कार्ड मागे जात होतं आणि त्याचं डोकं पुढे येत होतं. त्याच्या केसांना साबणाचा वास होता. चार बोटांनंतर अक्षरं थरथरली.

"आरशासारखं," मी म्हटलं.

"आरसा आहे हो. मला वाचता येतंय."

"अक्षरं हलतायत."

"नाण्यात?" त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

मी हात मागे घेतला आणि 'आरशासारखं' लिहून टाकलं.

आरशाचा फोटो काढायचा तर वर काळा कागद धरावा लागतो. नाहीतर वर जे असेल ते नाण्यात उतरतं. कागद मी धरला. तो कॅमेऱ्यावर वाकून, सहज बोलावं तसं म्हणाला, "एका नोकरीला संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. विमानाने जावं लागेल इतकी दूर. इथे... काही काम निघेल का?"

नाही म्हणायचं नव्हतं. हो म्हटलं तर शब्द जास्त पडला असता.

"बघू," मी म्हटलं.

तो जरा थांबला. मग कॅमेऱ्याचं बटण वाजलं.

संध्याकाळी तो सामान आवरत होता, आणि मामा कॉम्प्युटरवर फोटो मोठे करून बघत होते. घोडेस्वार आला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर घेतला.

"चिमटे, घोड्याच्या शेपटीमागे तू काय करतेयस?"

मी धावले. काळ्या मैदानात मी होते. केसांत खोचलेल्या पेन्सिलीसकट.

"फोटोवाले, कागद कुठे गेला होता?"

"त्यांच्या हातात होता," तो खाली बघत म्हणाला. "पण त्या कागदाआडून वाकल्या. मला दिसलं... तरी बटण दाबलं. चूक माझी."

मामांनी फोटो आणखी मोठा केला. "भिवयांचा केस न् केस दिसतोय. कितीवर होतीस गं?"

"वीतभर. जास्तच असेल."

"मग 'आरशासारखं' कुणी लिहिलं? बावीस नाणी बघून डोळा पक्का आणि तेविसाव्याला हात कापतो, असं कसं?"

तो बॅगेची चेन लावत होता. ती काही केल्या लागत नव्हती.

"आणि आरसा एकतर्फी नसतो," मामा सावकाश म्हणाले. "कॅमेऱ्यातून याला तुझे डोळे दिसले, म्हणजे नाण्यात तुलाही हा दिसत होता. घोडा बघायला वाकली नव्हतीस तू."

चेनीचा आवाज थांबला.

आता शब्द वाचवून उपयोग नव्हता. मी पेन्सिल काढली, 'आरशासारखं' खोडलं, 'आरसा' लिहिलं. मग त्याच्याकडे न बघता म्हटलं, "बघू म्हटलं होतं ना मी... बघितलं. तुम्ही जाऊ नका."

"किती दिवस?"

"एवढं तिरकं करून बघू नका. जाऊ नका म्हटलं म्हणजे जाऊ नका."

तो हसला. फोन घेऊन खिडकीशी गेला आणि तिकडच्या कुणाला तरी म्हणाला, "नाही, माफ करा. इथेच काम निघालंय."

"निघालंय ना? मग घोडेस्वार परत काढ," मामा उठले. "मुखपृष्ठावर भाची नको. आणि काळा कागद आता मी धरतो."

त्यांनी तो धरला, भिंतीसारखा. मी सवयीने वाकले. नाण्यात नुसता काळोख होता. मग मी मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

"अरे, दाब की," मामा म्हणाले. "हात दुखला माझा."