चित्राला मिळालेली जागा

नोंद: लपवले ०. चित्राला जागा ५८ टक्के.

हा आकडा माझ्या मॉनिटरचा. सत्तावीस इंचांचा पडदा, आणि त्यातले बेचाळीस टक्के फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरनेच स्वतःसाठी अडवलेले. डावीकडे हत्यारांची पट्टी. उजवीकडे थर, रंग, केलेल्या बदलांची यादी. वर मेनू, खाली कसल्या कसल्या सूचना. घर आपण घ्यायचं आणि राहायचं सामानाने, त्यातला प्रकार. मी वीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करते आहे. कुठलं हत्यार कुठे असतं हे मला बघावं लागत नाही. मग ते सतत डोळ्यांसमोर कशाला?

त्यातून हे नवं काम. संग्रहालयाने दिलेला एक लांबलचक फोटो: नदीवरचा अर्धवट पूल आणि त्यावर ओळीने उभे असलेले मजूर. निगेटिव्हला बुरशी लागून कुणाचा गाल गेलेला, कुणाचा डोळा. अख्खी भिंत भरेल एवढा छापायचा होता, हातात दिवस सात. खऱ्या आकारात उघडला की पडद्यावर एका वेळी जेमतेम दोन माणसं मावायची.

म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली. एकोणीस ओळींची. एफ नऊ दाबलं की ती आधी असेल ती मांडणी जपून ठेवते, मग जागा खाणारं जे जे सापडेल ते लपवते आणि शेवटी एका फाइलीत नोंद करते: किती लपवलं, किती जागा मिळाली. एफ दहा दाबलं की जपलेली मांडणी परत.

पहिल्या फटक्यात चालली. माझ्या स्क्रिप्ट चालतातच.

नोंद: लपवले ९. जागा ८६ टक्के.

घरात आम्ही दोघीच. नवरा कामासाठी वर्षभर परदेशात. रोज दुपारी चारला त्याचा फोन येतो, माझ्यासाठी नव्हे, त्याच्या आईसाठी. त्याच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. हे काम त्यांनीच मला शिकवलं, तेव्हा ते ब्रशने आणि शाईने व्हायचं. अजूनही खिडकीपाशी बसून छापील फोटोंवरचे पांढरे ठिपके त्या हाताने भरतात. मला त्यांची सवय आहे. खरं सांगायचं तर खोलीत त्या नसल्या की माझा हात चुकतो.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"पडदा रिकामा करतेय."

"कपाट कधी करणार आहेस?"

"कपाटाला एफ नऊ नाही, आई."

"मग काय उपयोग असल्या विद्येचा," त्या म्हणाल्या, आणि ब्रशचं टोक ओठांनी बारीक केलं.

नोंद: लपवले १३. जागा १०० टक्के.

मेनू गेला, कडेच्या रेघा गेल्या, खालची पट्टी गेली. पडद्यावर फक्त पूल.

"शंभर?" आई माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "मग आता थांब."

"थांबणारच. पुढे आकडाच नाही."

नोंद: लपवले १४. जागा १०१.३ टक्के.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आलं. मी हिशेबाची ओळ तपासली. बरोबर होती. पडद्याची रुंदी तीन हजार आठशे चाळीस ठिपके, त्यात बदल व्हायचं कारण नाही. तरी उजव्या टोकाला पाचव्या मजुराचा हात दिसत होता, आणि तो हात काल पडद्याबाहेर होता. मी ठिपके मोजले. तीन हजार आठशे नव्वद. काचेला पोलादी पट्टी लावून पाहिली. काच तेवढीच.

मग लक्षात आलं, खोली शांत आहे. मॉनिटरमागच्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. खिळा नव्हता. खिळ्याचं भोकही नव्हतं.

एफ दहा. टिकटिक सुरू झाली, वेळ बिनचूक.

मी चार वेळा करून पाहिलं आणि चारही वेळा लिहून ठेवलं. जी गोष्ट चारदा सारखीच घडते तिला मी बिघाड म्हणत नाही, वागणूक म्हणते. आणि वागणूक कळली की काम करता येतं.

नोंद: लपवले १६. जागा १०७ टक्के.

"माझा उजेड कुठे गेला ग?"

खिडकीच्या जागी भिंत होती. आई मान वळवून त्या भिंतीकडे बघत होत्या, ब्रश हवेत.

"एक मिनिट, आई." एफ दहा. खिडकी आली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे तुझ्या त्या बटणाने होतं?"

"हो. पण परत येतं ना सगळं."

"परत येतं म्हणून काय काहीही उचलायचं? उद्या जिना उचलशील."

"जिना आपला नाही. सोसायटीचा आहे."

त्या हसल्या नाहीत. पण १०७ वर पाच माणसं पुरती दिसत होती, शेजारच्या चेहऱ्यावरून गेलेला गाल जुळवता येत होता. दिवसभरात मी सव्वीस चेहरे केले. याआधी दिवसाला बारा व्हायचे.

नोंद: लपवले १९. जागा ११८ टक्के.

सहाव्या दिवशी मी चाळीस मिनिटं सलग बसले. हात असा कधी चालला नव्हता. मान वर न करता एक अख्खी ओळ संपवली, एफ दहा दाबलं आणि पाठ ताणली.

आई खिडकीपाशी होत्या. माझ्याकडे रागाने बघत होत्या.

"किती हाका मारायच्या माणसाने?"

"कधी?"

"आत्ता. केव्हापासून. तू ढुंकून बघत नव्हतीस."

"तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होते, कुठे जाणार? नुसता पाण्याचा आवाज येत होता, म्हणून मोठ्याने ओरडत होते." त्यांनी खाली पाहिलं. साडीचा काठ वीतभर भिजला होता. बारीक वाळू चिकटली होती. आम्ही दोघींनी त्याकडे पाहिलं. त्या उठून साडी बदलून आल्या.

लपवलेलं पॅनेल नाहीसं होत नसतं, कुठेतरी असतंच. हे मला माहीत होतं. कुठे असतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मी स्क्रिप्ट पुसायला घेतली. आईंनीच हात धरला.

"किती राहिलेत?"

"अकरा."

"उद्या द्यायचंय ना? मग अर्धवट कसं टाकणार? मी आत स्वयंपाकघरात जाऊन बसते. तिथवर तुझं बटण पोचतंय थोडंच. अकरा कर आणि मग घाल ते खड्ड्यात."

आत भांड्याचा आवाज आला. चहा ठेवला असावा.

मी एफ नऊ दाबलं.

नोंद: लपवले २३. जागा १२३ टक्के.

अकरापैकी नऊ झाले तेव्हा मोबाइल वाजला. संग्रहालयातल्या बाई.

"उद्या सकाळी गाडी पाठवू का?"

"पाठवा. तयार आहे."

"नक्की ना? मागच्या वेळी दुसऱ्या एकाने आम्हाला तोंडघशी पाडलं."

"तो दुसरा होता," मी म्हटलं.

फोन उजव्या हातात होता. डावा हात कीबोर्डवर. कामाला परत लागताना हा हात आपोआप एफ नऊ दाबतो. सहा दिवसांची सवय.

नोंद: लपवले ०. जागा १२३ टक्के.

लपवायला काही उरलं नव्हतं. मी उरलेले दोन चेहरे केले, फाइल जपली आणि एफ दहा दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं.

मग मला ओळ चौथी आठवली. आधी असेल ती मांडणी जपून ठेवा. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा जी मांडणी होती, तीच आता जपलेली होती. सगळं लपवलेली. तिच्या आधीची पुसली गेली होती. नवशिके करतात ती चूक. आधीच लपवलेलं असेल तर जपू नको, एवढी एक अट वर घालायची असते, बस.

मी बोळात गेले.

स्वयंपाकघराचं दार असतं तिथे भिंत होती. रंग जुना, सलग.

भिंतीला कान लावला. पाणी वाहत होतं. खूप मोठं पाणी.

"आई."

मोबाइलवर तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. चारला फोन येणार. "आईला दे," तो म्हणणार.

मी घाबरले असं म्हणणार नाही. पुसलेली मांडणी हाताने पुन्हा लिहिता येते. प्रत्येक वस्तूला चार आकडे लागतात: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. चारच. पडद्यावरच्या वस्तूला मागची बाजू नसते.

घड्याळ. चार आकडे. टिकटिक.

खिडकी. उजेड.

स्वयंपाकघर. दार, ओटा, गॅस. चहा उतू जाऊन गॅस विझलेला. माणूस नाही.

मी गॅसचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसले.

तीन चव्वेचाळीस.

त्यांना स्वयंपाकघरात कुठे ठेवायचं ते मला नक्की सांगता येईना. त्या उभ्या होत्या, की स्टुलावर? खिडकीपाशी मात्र मी त्यांना वीस वर्षं पाहिलं आहे, माझ्या खुर्चीवरून, रोज. पोलादी पट्टी घेतली. टेबलाच्या कडेपासून कोपरापर्यंत. खुर्चीच्या पाठीपासून केसांपर्यंत. अर्धा गेलेल्या माणसाचा खांदा कुठे येईल हे ठरवणं हाच माझा धंदा. आकडे लिहिले. एकदाही खोडावे लागले नाहीत.

तीन अठ्ठावन्न.

एफ दहा.

आई खिडकीपाशी बसल्या होत्या. कोरड्या. हातात ब्रश.

"झाले का ग अकरा?" त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. ऊबदार होता. मी तो बराच वेळ सोडला नाही, आणि त्यांनी सोडवून घेतला नाही. मग फोन वाजला आणि त्या मुलाशी वीस मिनिटं बोलल्या, जेवणाबद्दल, झोपेबद्दल, माझ्या हट्टीपणाबद्दल.

"आई आज खुशीत आहे," तो नंतर मला म्हणाला.

सकाळी गाडी आली. बाईंनी नमुन्याची छापील प्रत उलगडली आणि एकेक चेहरा बघत गेल्या. स्क्रिप्ट मी पुसून टाकली आहे. पडदा पुन्हा ५८ टक्क्यांवर. पट्ट्या, थर, याद्या, सगळं डोळ्यांसमोर. मला चालतं.

आई त्या दिवसापासून खुर्चीतून फारशा उठत नाहीत. वयच झालं आहे. बोलतात, टोमणे मारतात, ठिपके भरतात. माझं टेबल त्यांच्या समोर आहे, त्यामुळे दिवसभर त्या मला समोरूनच दिसतात.

काल दुपारी त्या म्हणाल्या, "पाठ धरलीये ग. जरा मलम चोळ."

मी डबी उघडली, बोटावर मलम घेतलं आणि खुर्चीला वळसा घालून मागे गेले.

मागेही त्यांचा चेहरा होता.

"चोळ ना," त्या म्हणाल्या.